फळीवर ठेवलेली गोळी

अन्याय झाला तो अंजम्मावर. सत्याहत्तर साली, संक्रांतीनंतरच्या सोमवारी, सकाळच्या पाळीचा भोंगा वाजत असताना, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्याच्या फाटकात. कारखान्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण भरपाईचा दावा अजून चालू आहे आणि आमच्या वकिलानं तोंडाला कुलूप घातलंय. बाकी काही लपवणार नाही. पत्रक लिहिताना आम्ही हेच शिकलो: कुणावर, कधी, कुठं, ते आधी सांगायचं. रडायचं असेल तर खाली जागा असते.

अंजम्मा कुणाच्या हातात काही देत नसे. मीठ, मिरची हातात देऊ नये, भांडण लागतं, हे आपल्याकडं सगळेच मानतात. अंजम्मानं तो नियम पार शेवटापर्यंत नेला होता. काडेपेटी मागितली तर उंबऱ्यावर ठेवणार. चहाची कपबशी पुढ्यात ठेवून एक पाऊल मागं सरणार. पहिल्यांदा तिच्याकडं गेलो तेव्हा मी चहासाठी हात पुढं केला, आणि ती नुसती बघत राहिली.

"हात कशाला पसरतोस, तम्मी? भिकारी हायस का? ठेवलंय की. पायजे तर उचल."

तम्मी म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. हातात न देण्याचं कारण मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "हातात दिलं की मानूस न्हाय म्हनू शकत न्हाय. ठेवलं की त्याला इचार करायला जागा राहती. उचललं तर ते त्याचं. पडलं तरी त्याचं."

ती कारखान्यात कांड्या भरायच्या खात्यात बायकांची मुकादमीण होती. मागावरच्या उभ्या सुतातून, म्हणजे ताण्यातून, इकडून तिकडं धावतो तो धोटा; त्यात सुताची जी लहान नळी बसते ती कांडी. ती भरायचं काम आमच्याकडं बायकांचं. नवरा तिचा कधीच वारला होता. मूलबाळ नव्हतं. घरात डोळ्यांनी अधू सासू होती, तिला ती अत्तम्मा म्हणे. दोघी कारखान्याच्याच मागच्या चाळीत एका खोलीत राहत. खोली मालकाची, काम मालकाचं, आणि मालक तिच्याच समाजाचे, लांबच्या नात्यातले. ते तिला वदिना म्हणत, म्हणजे वहिनी. ह्या एका शब्दात किती वर्षं अडकून राहता येतं ते बघायचं असेल तर आमच्या शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत या.

पण गल्लीत तिचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. ती वाढपी होती. समाजात कुठंही लग्न असो, बारसं असो, भाताचं घमेलं अंजम्माच्या कमरेला. तिचं वाढणं बघण्यासारखं असे. पंगतीच्या एका टोकाला सुरुवात केली की दुसऱ्या टोकापर्यंत हात थांबत नसे आणि चुकत नसे. मालकाच्या व्याह्याच्या पानात जेवढं तूप, तेवढंच हमालाच्या पानात. एका लग्नात यजमानानं तिला हळूच सांगितलं, त्या बाजूला जरा हात आखडता घ्या. तिनं घमेलं तिथंच पंगतीच्या मधोमध जमिनीवर टेकवलं आणि पदर खोचत म्हणाली, "एका पंगतीला दोन वाढपं मला जमत न्हाय. ह्याला भात, त्याला रिकामी पत्रावळ, ते पाप मी डोक्यावर घेत न्हाय. तुमी वाढा." यजमानालाच घमेलं उचलावं लागलं असतं. त्यानं मान खाली घातली आणि वाढप पहिल्यासारखं चालू झालं.

मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी एका माळ्यावर राहत होतो. मूळचा बार्शीचा. कॉलेज सोडलं होतं आणि कामगारांच्या एका छोट्या संघटनेत पडेल ते काम करत होतो. म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहीत होतो. माझं प्रत्येक पत्रक अंजम्मा वाचून घेई. तिला मराठी बोलता येई, वाचता येत नसे. घरी आणलेल्या कांड्या भरता भरता ऐकायची, आणि मी थांबलो की म्हणायची, "लई कडक लिवतोस. ऐकून अंग तापतं. पन मग?"

"मग काय?"

"मालक वाईट, सरकार वाईट, समदं वाईट. आमाला ठावं हाय की. सकाळी उटून मी काय करू, ते कुटं लिवलंस?"

मला राग येई. तिनं चहा उंबऱ्यावर ठेवलेला असे. तो उचलावा की उठून जावं, ह्यात मी चहाच निवडे.

शहात्तरच्या दिवाळीनंतर गोळ्या आल्या.

थंडी पडली की आमच्या भागात ताप फिरायचा. सर्दी, अंगदुखी, मग चार-आठ दिवस अंथरूण. एका मागावरचा माणूस पडला की शेजारचा पडे. सुताच्या धुळीत खोकणारी माणसं, दारं-खिडक्या बंद, दुसरं काय होणार. त्या वर्षी पुण्याहून एक मोठे डॉक्टर आले. ताप आल्यावर द्यायचं औषध त्यांनी आणलं नव्हतं. ताप येऊच नये म्हणून आधीच घ्यायची गोळी होती ती, विषाणूला अडवणारं औषध आणि जीवनसत्त्व एकत्र केलेली. ती खरंच उपयोगी पडते का, हे त्यांना बघायचं होतं. बघायला माणसं हवीत, आणि रोज एका ठिकाणी, एका वेळेला, न चुकता येणारी माणसं कारखान्याशिवाय कुठं मिळणार?

मालक हो म्हणाले. कामगारांना कुणी विचारलं नाही. आणीबाणी होती. विचारण्याची पद्धतच तेव्हा बंद पडली होती.

पण घेणार कोण? नसबंदीच्या गाडीची भीती घराघरात बसली होती. गोळी घेतली की मूल होत नाही, अशी आवई पहिल्याच दिवशी उठली. माणसं गोळी तोंडात धरत आणि फाटकाबाहेर थुंकत. तेव्हा मालकांना अंजम्मा आठवली.

"वदिना," ते म्हणाले, "तुम्ही वाढलंत तर कोण पंगतीतून उठत नाही."

दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या आत एक बाकडं मांडलं. त्यावर एक फळी, फळीवर दोन बरण्या. एका बरणीला लाल कागदाची पट्टी, दुसरीला हिरवी. कामावर आल्याची खूण म्हणून प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला मिळे. तो मिळाला तर त्या दिवसाची पाळी मिळाली. त्या बिल्ल्यांना डॉक्टरांच्या माणसानं दोरे बांधून दिले, कुणाच्या लाल, कुणाच्या हिरवा. लाल दोऱ्याला लाल बरणीतली गोळी, हिरव्याला हिरवीतली. दिसायला दोन्ही गोळ्या एक. आणि मालकानं आपल्यातर्फे एक नियम जोडला: आधी गोळी, मग बिल्ला.

अंजम्मा बाकड्यामागं उभी राही. पहिली गोळी स्वतः गिळायची, सगळ्यांदेखत, आणि मग जीभ बाहेर काढून दाखवायची. त्यावर हशा पिके. ती गोळी फळीवर ठेवायची, हातात नाही, आणि मागं सरायची.

"अंजम्माक्का, गोड हाय का?" यल्लप्पा विचारायचा. हा तिच्या चाळीतलाच, समोरच्या खोलीतला विणकर. त्याची बायको पद्मा कांड्यांच्या खात्यात अंजम्माच्या शेजारी बसे.

"तुज्या सासूच्या जिभेपेक्षा गोड हाय. उचल."

"आनि मूल न्हाय झालं तर?"

"हाय ते सांभाळ आदी. रस्त्यात गोट्या खेळत हुतं शाळा सोडून."

मागून कुणीतरी ओरडे, "आक्का, ह्याला दोन द्या, लई बोलतंय." रांग हसत हसत पुढं सरके. माणसं गोळ्या गिळू लागली. डॉक्टर खूश, मालक खूश. मी फाटकाबाहेर सायकल धरून उभा असे आणि मला त्या हसण्याचा राग येई. बिल्ला बाकड्याच्या मागं, गोळी पुढं. हसा, नाहीतर रडा, वाट एकच.

काही दिवसांनी डॉक्टर आले असताना अंजम्मानं त्यांना सरळ विचारलं, "साहेब, दोन बरन्या कशाला? हिरवीत काय हाय?"

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, "हिरवीत औषध नाही, बाई. तुलनेसाठी आहे ती. पण कुणाला सांगायचं नाही हं."

संध्याकाळी ती माझ्या माळ्याच्या जिन्याखाली उभी राहिली. "तम्मी, तुलना म्हंजे काय?"

मी सांगितलं. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना रिकामी गोळी. मग कोण तापानं पडतं आणि कोण उभं राहतं ते बघायचं. त्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही. सांगता सांगता मीच चिडलो, कारण रिकामी गोळी घेणाऱ्याला ती रिकामी असू शकते हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती ऐकत होती.

"म्हंजे पंगत एक," ती सावकाश म्हणाली, "अर्ध्यांना भात, अर्ध्यांना नुसतीच पत्रावळ. आनि वाढनारी कोन, तर मी."

ती गेली. पुढं काय केलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. दुसऱ्या सकाळी फाटक उघडायच्या आधी तिनं दोन्ही बरण्या सुपात ओतल्या, तांदूळ पाखडावेत तशा दोन हातांनी मिसळल्या, आणि पुन्हा दोन्ही बरण्यांत भरल्या. नवी बरणी आली की पुन्हा तेच. दोऱ्याचा रंग बघून ती गोळी काढायची, पण त्या रंगाला आता काही अर्थ राहिला नव्हता. आज ज्याला भात नाही त्याला उद्या मिळेल, असा तिचा हिशेब. तिच्या लेखी ते औषध चांगलंच होतं, आणि चांगलं ते सगळ्यांच्या पानात पडलं पाहिजे. शिकलेल्या माणसानं अशी चूक केली नसती. शिकलेल्या माणसानं डॉक्टरांचं ऐकलं असतं.

मार्गशीर्ष सरता सरता माणसांना गरगरू लागलं. झोप लागेना. मागावर उभं राहिलं की एका धोट्याचे दोन दिसत. बायका म्हणायच्या, कांडी भरताना सूतच सापडत नाही. अंजम्मालाही होई, तिनं ते वयावर घातलं. पण लोकांसाठी ती मालकाकडं गेली. मालक म्हणाले, "थंडीचं आहे वदिना. गुळाचा चहा प्यायला सांगा."

मग एका सकाळी यल्लप्पाला मागावर भोवळ आली. आधाराला त्यानं हात टाकला, तो फिरत्या पट्ट्यात गेला. माग बंद करेपर्यंत उजव्या हाताचा पंजा कामातून गेला होता. विणकराचा उजवा हात. ह्यापुढं काही लिहायची गरज नाही.

पद्मा चार दिवस दवाखान्यात बसून होती. पाचव्या दिवशी ती कारखान्यात आली ती कामाला नव्हे, विचारायला. डॉक्टर पुण्याहून मुद्दाम आले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे पटांगणात जमले. पद्मा म्हणाली, "साहेब, गोळीनं झालं का हे? खरं सांगा. आमी गरीब हाय, पन खरं सांगा."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. चक्कर आल्याची तक्रार लाल दोऱ्याच्या माणसांची आहे तेवढीच हिरव्या दोऱ्याच्या माणसांचीही आहे. औषधाचा दोष असता तर ती लालकडं जास्त दिसली असती. तेव्हा गोळीचा संबंध नाही. उपाशीपोटी पाळीला येणं, धूळ, जागरण, अशी कारणं असणार. आणि यल्लप्पाच्या बिल्ल्याला तर हिरवा दोरा होता. त्याच्या पोटात औषध गेलेलंच नाही.

"ऐकलंस ना, पद्मा?" मालक म्हणाले. "लक्ष नव्हतं त्याचं. मी काय करू त्याला? भरपाई मागायला जागा नाही ह्यात."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापुढं जे होतं त्यावरून तेच निघत होतं. आणि ते तसं का निघत होतं, हे त्या पटांगणात एकाच बाईला माहीत होतं. ती सूप छातीशी धरून उभी होती.

संक्रांत आली. वर्षातून हा एकच दिवस असा की अंजम्मा हातात द्यायची. "गोडाला भांडनाचं भ्या न्हाय," म्हणत तिळगूळ तळहातावर दाबायची. त्या वर्षी मी गेलो तर तिनं तिळगुळाची वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि आत जाऊन बसली. मी न बोलावता आत गेलो. अत्तम्मा कोपऱ्यात जपमाळ ओढत होती. अंजम्मानं मला सगळं सांगितलं; सूप, बरण्या, मिसळणं. भिंतीकडं बघत सांगितलं.

मी म्हणालो, "हे तू सांगितलं पाहिजेस."

"ठावं हाय."

"मग?"

"सांगितलं तर गोळी मीच दिली. यल्लप्पाचा हात मीच खाल्ला. काम जाईल, खोली जाईल, ह्या म्हातारीला घिऊन मी कुटं जाऊ? न्हाय सांगितलं तर यल्लप्पा बेफिकीर, आनि गोळी चांगली. उद्या दुसऱ्या कारखान्यात जाईल, मग खेड्यात जाईल." तिनं बोटात बोटं अडकवली. "धोटा मदीच अडकतो बग तान्यात. ओढला तर ताना तुटतो, ठेवला तर माग मोडतो. तसं झालंय."

मी म्हणालो, मी पत्रक काढतो. तुझं नाव घालत नाही.

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "काय लिवनार? 'एका स्त्री कामगारानं सांगितलं.' एक म्हंजे कुटली? चाळीत ढीगभर बाया हायत. बिननावाचं कोन खरं मानतंय? आनि ह्या दिवसांत तुजं पत्रक छापतंय कोन? छापनारा आदी आत जाईल, मग तू."

ते खरं होतं. छापखान्याचे मालक मला बघितलं की दार लावून घेत.

मी तिला तिच्याच बोलण्यात पकडायला गेलो. म्हणालो, "पण तू तर हातात दिलंच नाहीस कुणाच्या. फळीवर ठेवलंस. त्यांनी उचललं. तुझ्याच नियमानं तू सुटतेस."

तिनं उंबऱ्यावरची वाटी उचलून माझ्यापुढं सरकवली. अत्तम्माची माळ वाजत होती.

"तेच सांगत बसले मी सोताला," ती म्हणाली. "इतके दिस तेच सांगत बसले. मी दिलं न्हाय, तेनी उचललं. पन बिल्ला कुटं हुता, तम्मी? माज्या मागं हुता. बिल्ला मागं दिसत असताना जे उचललं, ते उचललेलं नव्हं. ते हातात कोंबलेलंच. फळी नुसती नावाला."

मी खूप पुस्तकं वाचली आहेत. संमती ह्या विषयावर ह्याहून नेमकं वाक्य मला कुठं सापडलेलं नाही. पण ते तेव्हा नाही सुचलं. तेव्हा मी नुसता तिळगूळ चघळत बसलो होतो.

सोमवारी सकाळी मी फाटकाशी गेलो. डॉक्टर आदल्या दिवशीच पुण्याहून आले होते, महिन्याची पाहणी होती. मालक त्यांच्याबरोबर उभे. रांग लागलेली. अंजम्मानं त्या दिवशी आधी गोळी गिळली नाही. तिनं दोन्ही बरण्या उचलल्या, सुपात उपड्या केल्या, आणि सूप फळीवर ठेवून मागं सरली.

"हे बगा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणावं तसा होता. "लाल दोरा, हिरवा दोरा, मी काय पाळलं न्हाय. पयल्या आठवड्यापासनं दोनी बरन्या मिसळत हुते. एकीत औशीद हुतं, एकीत काय न्हवतं. तुमाला कुनी सांगितलं न्हाय, मी सांगते. कुनाच्या पोटात कुटली गेली ते देवालाबी ठावं न्हाय. म्हनून यल्लप्पाला रिकामीच गेली असं कुनी म्हनू नका. आनि चक्कर दोनीकडं सारकी, म्हनून गोळी चांगली, असंबी म्हनू नका. सारकी हाय कारन मी सारकी वाढली."

मालक पुढं आले. हलक्या आवाजात म्हणाले, "वदिना, आत चला. घरातलं घरात बोलू."

"घरातलं न्हाय हे. पंगतीतलं हाय."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांचा राग खोटा नव्हता, हे मला मान्य करावं लागेल. ते म्हणाले, "बाई, तुला कळतंय का तू काय केलंस? एवढ्या दिवसांचं काम मातीत घातलंस."

"कळतंय की साहेब. म्हनून तर सांगाय आले. त्या मातीवर तुमी घर बांदत हुता."

त्यांनी तक्त्यांची वही मिटली. पण जे मी तेव्हा फाटकाबाहेरून ओरडून विचारायला हवं होतं ते आता विचारतो. डॉक्टरसाहेब, तुमच्या अभ्यासात सगळं होतं. रंग होते, दोरे होते, तक्ते होते. ज्याच्या पोटात गोळी जाणार त्याला विचारायची जागा त्यात कुठं होती? ती एक जागा ठेवली असती, दोन बरण्या आहेत हे रांगेतल्या माणसाला सांगितलं असतं, तर अंजम्मावर मिसळायची वेळ आली असती का? चूक तिची झाली. तिच्या चुकीला फट तुम्ही ठेवली होती.

मालकानं तिचा बिल्ला काढून घेतला. तेवढ्यात भोंगा झाला. माणसं एकेक करून बिल्ला उचलून आत गेली, कुणी थांबलं नाही. जाताना एक-दोघांनी तिच्याकडं बघितलं, बाकीच्यांनी चपलांकडं. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या दिवसांत थांबणं म्हणजे काय होतं, हे जे इतक्यात विसरले असतील त्यांनी शेजाऱ्याला विचारावं. फाटकाशी ती, मी आणि ते सूप उरलं. गोळ्यांवर सुताची धूळ बसत होती.

त्या कारखान्यात गोळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या. एवढं तिनं मिळवलं. यल्लप्पाच्या भरपाईच्या दाव्याची गोष्ट मात्र तिनं सांगितली होती तशीच झाली. मालकाचा वकील आता म्हणतो, गोळी दिली त्या बाईनं, हुकूम मोडला त्या बाईनं, भरपाई तिच्याकडून घ्या. धोटा अजून ताण्यातच आहे. मार्चात निवडणूक झाली, राज्य बदललं, रस्त्यावर गुलाल उडाला, आमची पत्रकं पुन्हा छापून निघू लागली. मालकाच्या चाळीतली अंजम्माची खोली मात्र तोवर रिकामी झाली होती आणि तीत दुसरी मुकादमीण राहायला आली होती.

अंजम्मानं भिवंडीला जायचं ठरवलं. तिथं मागावर आपल्या भागातली पुष्कळ माणसं आहेत. दुपारच्या पॅसेंजरला मी तिची ट्रंक घेऊन स्टेशनवर गेलो. अत्तम्मा ट्रंकेवर बसली होती, आणि अंजम्मा तिला उन्हातून सावलीत सरकवत होती.

गाडी यायच्या आधी पद्मा आली. त्या सोमवारपासून ती अंजम्माशी बोलली नव्हती. यल्लप्पा तर तिचं नाव काढलं की उठून जाई. आणि का बोलावं त्यांनी? माणूस कुणाच्या तरी हातून मोडला होता, आणि जो हात दिसत होता तो अंजम्माचा होता. पद्माच्या हातात कागदाची पुडी होती. शेंगाची चटणी, लालभडक, तेल कागदावर उतरलेलं. अंजम्मानं हात पुढं केला. मी तिला कुणापुढं हात करताना प्रथमच बघत होतो.

पद्मानं पुडी तिच्या हातात दिली नाही. तिनं ती ट्रंकेच्या कडेवर, अत्तम्माच्या शेजारी ठेवली आणि एक पाऊल मागं सरली.

"तिखट हाय," ती म्हणाली. "हातात देत न्हाय."

अंजम्मानं पुडी उचलली. दोघींपैकी कुणी रडलं नाही. गाडी आली, मी म्हातारीला उचलून चढवलं, ट्रंक आत ढकलली. गाडी हलताना अंजम्मा खिडकीशी आली. मला वाटलं काही निरोप सांगेल.

"ह्याचं पत्रक लिवशील?"

"लिहीन."

"माजं नाव घाल. आनि खाली काम लिव. नुसतं अंग तापवू नको कुनाचं."

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. अजूनही लिहिलं नसतं, पण गेल्या महिन्यात बार्शीला घरी गेलो होतो. आमच्या आळीतला एक हमाल तिथल्या डाळीच्या गिरणीत जातो. तो सांगत होता, गिरणीत हिवाळ्याच्या गोळ्या यायच्यात म्हणे, तापाच्या. बरण्या दोन असणार. मी विचारलं, बिल्ला कधी देणार, गोळीच्या आधी की नंतर? तो हसला. म्हणाला, "नंतर की. न्हायतर कोन घील?"

म्हणून अंजम्मानं सांगितलं तसं काम खाली लिहितो. हे वाचणाऱ्यांत कुणी गिरणीत असेल, कुणी मागावर, कुणी शाळेत, कुणी वसतिगृहात. जिथं तुमचं पोट आहे तिथं कुणी गोळी घेऊन आलं, तर उद्या सकाळी रांगेत उभं राहून आधी बिल्ला मागा. तो खिशात पडल्यावर विचारा, बरण्या किती आहेत आणि कुठल्या बरणीत काय आहे. औषधांच्या परीक्षेला माझा विरोध नाही. ताप माझ्याही घरात येतो. पण उत्तर मिळाल्याशिवाय फळीला हात लावू नका, आणि तुमच्या शेजारचा एकटा विचारत असेल तर त्याला एकटं ठेवून आत जाऊ नका.

आणि तुम्ही देणाऱ्यांपैकी असाल, डॉक्टर असाल, मालक असाल, मुकादम असाल, तर बिल्ला आधी द्या. दोन्ही बरण्यांची नावं मोठ्यानं सांगा. मग गोळी फळीवर ठेवा, आणि मागं सरा.